फुकटचे सातोशी गोळा करण्याआधी मांडायचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा परीक्षेच्या तयारीसाठी बडोद्याला, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी राहायला आला होता. रात्रीचे जेवण आटोपले की तो मोबाईल घेऊन खिडकीपाशी बसे आणि पडद्यावरच्या नऊ चौकोनांपैकी रहदारीचे दिवे कोणकोणत्या चौकोनांत आहेत ते बोटाने दाखवत राही. ‘‘मामा, याचे बिटकॉइन मिळतात, तेही फुकट,’’ असे त्याने मला सांगितले. किती मिळतात आणि त्याला वेळ किती लागतो, या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हते. मांडवीतल्या दुकानदारांचे जमाखर्च लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे मी त्याला रागावलो नाही. एक कोरी वही दिली आणि सात दिवस तीनच रकाने भरायला सांगितले: बसल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि तेवढ्यात खात्यात वाढलेले सातोशी. त्या वहीतून काय निघाले आणि तसाच हिशेब तुम्हाला स्वतःसाठी कसा मांडता येईल, ते येथे सांगतो.

एक सातोशी म्हणजे किती पैसे

एका बिटकॉइनचे १० कोटी भाग केले की त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. बिटकॉइनचा भाव सतत हलत असतो, पण हिशेबाला सोपे जावे म्हणून तो १ कोटी रुपये धरला तर एक सातोशी १० पैशांचा होतो आणि ५० लाख धरला तर ५ पैशांचा. एवढे कोष्टक पाठ असले की बऱ्याच जाहिरातींची धार जाते, कारण ‘५०० सातोशी मिळवा’ असे वाचताना मनात ५०० हा आकडा ठसतो, त्याचे ५० रुपये होतात हे चटकन लक्षात येत नाही. कोणत्याही संकेतस्थळावर नाव नोंदवण्याआधी त्या दिवसाचा भाव पाहून एका सातोशीचे पैसे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. दुसरे एखादे नाणे मिळणार असेल तर त्याचेही तसेच करावे, आणि ते नाणे कोणत्याही मोठ्या एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांच्या ऑनलाइन बाजारावर, विकले जात नसेल तर भावाच्या रकान्यात शून्य लिहावे.

अशी नाणी वाटणाऱ्या संकेतस्थळांना फॉसेट, म्हणजे नळ, म्हणतात. २०१० साली गेव्हिन अँड्रेसन या प्रोग्रामरने पहिला नळ उघडला, तेव्हा येणाऱ्याला ५ बिटकॉइन मिळत असत. त्या वेळी बिटकॉइनला नाव घेण्याजोगा भाव नव्हता आणि लोकांनी ते हाताळून पाहावे एवढाच त्याचा हेतू होता. आजचे बहुतेक नळ जाहिरातींवर चालतात: तुम्ही पान उघडून जितका वेळ थांबता, जितके दुवे दाबता आणि जितक्या मित्रांना ओढून आणता, त्याचे पैसे मालकाला मिळतात आणि त्यातला अगदी लहान वाटा तुमच्या नावे लिहिला जातो. हा व्यवहार आहे, आणि त्यात तुमच्या बाजूने वेळ, लक्ष आणि माहिती खर्च होते, हे मान्य केले की पुढचा हिशेब सरळ होतो.

वहीतले सात दिवस

भाचा दिवसाला सरासरी ४० मिनिटे बसत होता. सात दिवसांत २८० मिनिटे, म्हणजे ४ तास ४० मिनिटे झाली आणि खात्यात ६३० सातोशी वाढले. सातोशी १० पैशांचा धरला तर ते ६३ रुपये होतात आणि तासाला साधारण साडेतेरा रुपये पडतात. त्याला हा आकडा तितकासा वाईट वाटला नाही. ‘‘नाहीतरी त्या वेळेत मी रील्सच पाहिले असते,’’ असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

मग मी त्याला रक्कम काढण्याचे नियम वाचायला लावले. माझ्या मते हा भाग सर्वांत आधी वाचायला हवा आणि जवळजवळ कोणीच तो वाचत नाही. त्या संकेतस्थळावर २०,००० सातोशी जमल्याशिवाय काहीच बाहेर काढता येत नव्हते आणि काढताना २,००० कापले जाणार होते. आठवड्याला ६३० या गतीने २०,००० गाठायला ३२ आठवडे लागतात, म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ आणि एकूण सुमारे १४९ तास. कपात होऊन हातात येणार १८,००० सातोशी, म्हणजे १,८०० रुपये.

ते रुपयांत आणायचे म्हणजे विकावे लागतात आणि तेथे कर लागतो. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या विक्रीतल्या उत्पन्नावर स्लॅब न पाहता सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. खरेदीची किंमत तेवढी वजा करता येते, पण येथे तुम्ही नाण्यासाठी काही मोजलेलेच नसते. इंटरनेटचा, विजेचा किंवा संकेतस्थळाने कापलेल्या शुल्काचा खर्च वजा होत नाही आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही. १,८०० रुपयांवर ३१.२ टक्क्यांनी सुमारे ५६२ रुपये जातात आणि १,२३८ उरतात. १४९ तासांनी भागले की तासाला सव्वाआठ रुपये. विक्रीच्या वेळी १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही कापला जातो. तो विवरणपत्रात जमा दाखवता येतो, पण त्यासाठी नोंदी हव्यात. म्हणून नाणे ज्या दिवशी प्रत्यक्ष तुमच्या ताब्यात आले ती तारीख आणि त्या दिवसाचा भाव वहीत लिहून ठेवावा, म्हणजे विवरणपत्र भरणाऱ्याला अंदाजाने काही धरावे लागणार नाही.

सव्वाआठ रुपयांचा हा आकडा पाहून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने स्वतःच आणखी एक बेरीज केली, ती मला सुचली नव्हती. पुष्कळ भारतीय एक्स्चेंजवर १०० रुपयांपासून बिटकॉइन विकत घेता येतो. सातोशी १० पैशांचा असेल तर १०० रुपयांत, शुल्क बाजूला ठेवून, १,००० सातोशी येतात. तेवढे नळावरून गोळा करायला त्याला ११ दिवस आणि सात तासांहून जास्त वेळ लागला असता. ज्याला बिटकॉइन बाळगून पाहायचे आहे, त्याने गमावली तरी चालेल एवढी लहान रक्कम घालून ते सरळ विकत घेणे अधिक स्वस्त पडते. एक्स्चेंज निवडताना ते वित्त मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे की नाही ते आधी पाहावे. मार्च २०२३ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे.

तुम्ही तुमची वही मांडाल तेव्हा सात दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशीचा आकडा धरू नये, कारण नवीन माणसाला पहिल्या दिवशी जास्त देण्याची पद्धत आहे. मित्रांना जोडून मिळणारे पैसेही वेगळे लिहावेत. ते तुमच्या ओळखीचे पैसे असतात आणि चार मित्रांनंतर आटतात.

खात्यातली शिल्लक आणि खरी शिल्लक

पडद्यावर दिसणारे ६३० सातोशी हे त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या वहीतले आकडे असतात; बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे सगळे व्यवहार नोंदल्या जाणाऱ्या सामाईक वहीत, तुमच्या नावावर तोपर्यंत काहीच आलेले नसते. आमच्या बडोद्यात १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, आणि आज अशा कोणत्याही बँकेच्या पासबुकातल्या शिल्लक रकमेमागे कायदा असतो आणि ५ लाख रुपयांपर्यंत ठेवविमा असतो. नळाच्या खात्यामागे यातले काहीच नसते. संकेतस्थळ एका सकाळी उघडले नाही की शिल्लक संपली, आणि दाद मागायला पत्ताही नसतो.

इतक्या लहान रकमा लगेच पाठवत का नाहीत, याचे तांत्रिक कारणही समजून घेण्यासारखे आहे. बिटकॉइनच्या व्यवहाराचे शुल्क रकमेवर ठरत नाही, व्यवहाराने साखळीत व्यापलेल्या जागेवर ठरते. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर (बिटकॉइनमध्ये पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ) आलेली एक रक्कम पुढे खर्च करायला सुमारे १४८ बाइट जागा लागते. शुल्काचा दर बाइटमागे ५ सातोशी असेल तर त्या एका रकमेपायी ७४० सातोशी जातात. म्हणजे ६३० सातोशी मिळूनही ते हलवता येणार नाहीत. अशा रकमांना तिकडे ‘डस्ट’, धूळ, म्हणतात, आणि अशा पत्त्यावर ५४६ सातोशींपेक्षा कमी रक्कम पाठवणारा व्यवहार बिटकॉइनचे मुख्य सॉफ्टवेअर पुढे सरकवतच नाही. लाइटनिंग नावाच्या वरच्या जाळ्यावरून मात्र दहा-वीस सातोशीसुद्धा पाठवता येतात. त्यामुळे एखादा नळ वापरून पाहायचाच असेल तर लाइटनिंगवर, रोजच्या रोज, किमान मर्यादेशिवाय रक्कम काढू देणारा निवडावा, आणि पहिल्याच दिवशी सगळे काढून पाहावे. पहिल्या दिवशी जे निघाले नाही ते सातव्या महिन्यात निघेल, यावर मी विसंबणार नाही.

एअरड्रॉप, प्रश्नमंजूषा आणि मोबाईल मायनिंग

एअरड्रॉपमध्ये, म्हणजे एखाद्या सेवेने आपली नाणी लोकांना फुकट वाटण्यात, खरोखर पैसे मिळाल्याची उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॉप या नाण्यांची अदलाबदल करून देणाऱ्या सेवेने, त्या महिन्याआधी आपली सेवा वापरलेल्या प्रत्येक पत्त्याला किमान ४०० नाणी दिली आणि त्यांची किंमत त्या दिवसांत हजार डॉलरच्या घरात होती. पण ती मिळालेली माणसे बक्षिसासाठी आली नव्हती. त्यांना ती सेवा हवी होती म्हणून त्यांनी ती वापरली होती. आता बक्षिसाच्या आशेने शेकडो पत्ते चालवणारे लोक आहेत, त्यांना गाळण्याची व्यवस्था आहे आणि दर व्यवहाराला स्वतःच्या खिशातून शुल्क भरावे लागते. ते शुल्क वहीत खर्चाच्या रकान्यात धरावे.

काही एक्स्चेंज लहान धडे वाचून प्रश्नांची उत्तरे दिली की थोडी नाणी देतात. तासाच्या हिशेबाने हा प्रकार नळापेक्षा बरा पडतो, फक्त तो एकदाच मिळतो. मोबाईलवर बिटकॉइन मायनिंग करून देतो म्हणणारी अ‍ॅप मात्र सरळ काढून टाकावीत. बिटकॉइनचे मायनिंग, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) साखळीत जोडून नवे बिटकॉइन मिळवण्याचे काम, त्यासाठीच बनवलेल्या यंत्रांवर चालते आणि एप्रिल २०२४ पासून सगळ्या जगातल्या यंत्रांना मिळून दर ब्लॉकमागे ३.१२५ नवे बिटकॉइन मिळतात. त्या शर्यतीत मोबाईलचा वाटा शून्यच असतो. पडद्यावर फिरतो तो नुसता आकडा.

काय द्यायचे नाही

पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरा, असे कोणीही सांगितले की तेथेच थांबावे. आमच्या शेजारच्या एका मुलाच्या खात्यात एका संकेतस्थळाने ४०,००० रुपयांची नाणी दाखवली आणि ती सोडवायला १,५०० रुपये पडताळणी शुल्क मागितले. ते भरल्यावर ३,००० रुपये कर म्हणून मागितले. त्याची आई रडत आमच्याकडे आली तोपर्यंत दोन्ही रकमा गेल्या होत्या. भारतात प्राप्तिकर कोणी असा नाण्यांच्या संकेतस्थळाला यूपीआयने भरत नाही. असे घडलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे तक्रार नोंदवावी. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

वॉलेटचे, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या अ‍ॅपचे, ते परत उभे करून देणारे १२ किंवा २४ शब्द कोणालाही सांगू नयेत आणि कोणत्याही पानावर टाइप करू नयेत. खऱ्या पैशांचे वॉलेट अनोळखी एअरड्रॉपच्या पानाला जोडू नये, कारण ‘क्लेम’चे बटण दाबताना तुम्ही पुष्कळदा नाणी उचलण्याची परवानगीच सही करून देत असता. पॅन आणि आधार नोंदणीकृत एक्स्चेंजखेरीज कोठेही देऊ नये. पत्ता कॉपी करून चिकटवल्यावर पहिली आणि शेवटची सहा अक्षरे ताडून पाहावीत. मधल्यामध्ये पत्ता बदलणारी सॉफ्टवेअर आहेत.

शिकण्यासाठी करायचे असेल तर

भाच्याला पैशांइतकीच या विषयाचीही ओढ होती, म्हणून आम्ही दोन संध्याकाळी दुसरा प्रयोग केला आणि तो मी मनापासून सुचवतो. बिटकॉइनचे सिग्नेट आणि इथेरियम या दुसऱ्या जाळ्याचे सेपोलिया ही सरावाची जाळी आहेत. त्यांची नाणी नळावरून खरोखर फुकट मिळतात, कारण त्यांना किंमतच नसते. काही ठिकाणी त्यासाठी लॉगिन मागतात किंवा खऱ्या जाळ्यावर थोडी शिल्लक असावी अशी अट घालतात. ते टाळून दुसरा नळ शोधावा. एक नवे वॉलेट उघडावे, त्याचे शब्द कागदावर लिहावेत, नळावरून नाणी मागवावीत, ती आपल्याच दुसऱ्या वॉलेटला पाठवावीत आणि ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीतले व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, तो व्यवहार व त्याचे शुल्क डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर अ‍ॅप काढून टाकून केवळ कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत उभे करावे. भाच्याचा एक शब्द लिहिताना चुकला होता आणि त्याचे वॉलेट परत आले नाही. गेलेल्या नाण्यांना किंमत नव्हती, त्यामुळे दुसऱ्यांदा त्याने प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून मला लिहायला लावला.

ज्यांची खाती नळावर आधीच आहेत त्यांनी किमान मर्यादा गाठायला किती तास उरले आहेत ते वहीत काढावे. दोन-चार तासांत काम होत असेल तर रक्कम काढून घ्यावी, नाहीतर ती तेथेच सोडावी. तोच पासवर्ड ईमेलला किंवा बँकेला वापरला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी बंद करावी; भाच्याच्या मोबाईलवर त्या एका नळामागून आलेल्या अशा अकरा परवानग्या निघाल्या.