शंभर पिल्लांना बल्बची ऊब

उजेडासाठी साधा पिवळा बल्ब लावणं म्हणजे तोट्याचा धंदा. आत गेलेल्या विजेतल्या १०० भागांपैकी जेमतेम ५ भागांचा उजेड होतो, बाकी नुसती धग. कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्याला मात्र ही धगच हवी असते. आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची ऊब थेट पिल्लांच्या पाठीवर पडते. ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देणारा एलईडी मुळात ९ वॅट वीज ओढतो, तो ऊब आणणार कुठून? तरीही दरवर्षी कुणीतरी वीजबिल वाचवायला एलईडी लावतंच.

हिशेब पिल्लामागे २ वॅटचा धरा. १०० पिल्लांना ६० वॅटचे ४ बल्ब पुरतात. दिवसरात्र चालले तर २४ तासांत पावणेसहा युनिट जळतात. पन्हाळा, शाहूवाडी, आजऱ्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाका असतो, तिथं १०० वॅटचे ४ लावा. २०० वॅटच्या एकाच बल्बवर भागवू नका. रात्री दोनला तो गेला तर पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि सकाळी तळातली गुदमरलेली सापडतात. चारातला एक गेला तर तीन तरी राहतात.

होल्डर चिनी मातीचे घ्या. प्लॅस्टिकचा होल्डर आठवड्यात मऊ पडतो, मग बल्ब कलतो किंवा सुटून खाली येतो. चारही होल्डर खाली तोंड असलेल्या पत्र्याच्या छत्रीत बसवून घ्या, म्हणजे वर जाणारी ऊब खाली परतते. छत्री साखळीनं टांगा, वायरवर वजन नको. जळत्या बल्बची काच १०० अंशांच्या वर जाते आणि खाली भाताचं तूस असतं, म्हणजे साखळी सुटली की आग ठरलेली. पोतं, बुट्टी, लाल कागद यातलं काहीही बल्बला टेकू देऊ नका. पाण्याचं भांडं कडेला ठेवा. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब उडाला की काच तडकते.

जमिनीवर २ इंच कोरडं तूस पसरा आणि भोवती दीड फूट उंचीचं, ५ फूट व्यासाचं पत्र्याचं कडं करा. त्याला साधारण १६ फूट पत्रा लागतो. कडं गोलच हवं, कोपरा मिळाला की पिल्लं तिथं गर्दी करतात. बल्ब तुसापासून दीड फुटावर ठेवा आणि पिल्लं यायच्या आधी निदान १२ तास पेटवा. हवा तापली तरी तूस गार असतं, आणि पिल्लू उभं असतं तुसावर. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडे मूठभर तूस दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, बदला.

थर्मामीटर छत्रीच्या कडेला, तुसापासून २ इंचावर धरा. पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट, पुढं दर आठवड्याला ५ अंश कमी. त्यासाठी बल्ब बदलू नका, साखळीच्या दोन-तीन कड्या वर घ्या. पण खरं माप पिल्लंच. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर ऊब कमी. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापत असतील तर जास्त. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसरीकडून वारं येतंय, तिथं पोतं लावा, फक्त कड्याच्या बाहेरून. सगळीकडे विखरून, अंग टाकून झोपली असतील तर हात लावू नका.

छत्री, साखळी सगळं ठीक असूनही रात्री पिल्लं गोळा होत असतील तर व्होल्टेज बघा. शेतातल्या लाइनवर २३० च्या जागी २०० मिळत असेल तर ६० चा बल्ब ४८ च्या आसपास येतो. उजेड त्याहून जास्त घटतो, म्हणून बल्ब तांबूस दिसला की ऊबही कमी झाली समजा. अशा वेळी छत्री २ इंच खाली घ्या. पहाटे व्होल्टेज वाढलं की मात्र आठवणीनं वर. उलट ५ टक्के जादा व्होल्टेज आलं की बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. नाहीतर ते १००० तासांचं, म्हणजे सतत पेटता ठेवला तर ४१-४२ दिवसांचं. काच आतून काळवंडलेला बल्ब नव्या तुकडीला लावू नका.

प्रवासातून आलेल्या पिल्लांना पहिले सहा-आठ तास लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम गूळ घातलेलं पाणी द्या. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, पण दिवसभर तेच पाजलं तर विष्ठा पातळ होते आणि तूस भिजतं.

वीज जाणारच. बाटल्यांत कढत पाणी भरून, पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि कडं आवळून लहान करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिच्यातून निघणाऱ्या न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लंही मरतात आणि राखणारा माणूसही. तिसऱ्या आठवड्यापासून, पिल्लं उबदार असताना, रोज संध्याकाळी तासभर बल्ब मुद्दाम बंद ठेवा. अंधार कधी न पाहिलेली पिल्लं अचानक वीज गेली की घाबरून कड्याशी ढीग करतात. सवय असलेली जागच्या जागी बसतात.