मोटरसायकलला बाहेरून घेतलेला पेट्रोल काटा बसवताना

काटा विकत घेण्यापूर्वी टाकीतील फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या भागाचा, रोध (रेझिस्टन्स) मल्टिमीटरने मोजावा. फ्लोट तळाशी आणि पूर्ण वर असताना येणारे ओहमचे दोन्ही आकडे काट्यासाठी दिलेल्या ओहमच्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर वायरिंग कितीही नीट केले तरी काटा खोटेच दाखवील. काम उघड्या हवेत करावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि टाकी रिकामी करूनच फ्लोट काढावा. फ्लोटखालचा रबरी वॉशर नवाच घालावा, कारण जुना वॉशर झिरपतो आणि खाली गरम इंजिन असते. काट्याला १२ व्होल्टचा पुरवठा चावीनंतरच्या (चावी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या) वायरीतून, फ्यूज लावून द्यावा. अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ लोखंडावर घ्यावे.

त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून एकेक लिटर पेट्रोल ओतावे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवावे. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे. नाशिकहून मुंबईकडे निघाल्यावर कसारा घाटाच्या उतारावर पेट्रोल पुढे सरकते आणि काटा हलतो, म्हणून नोंद सपाट रस्त्यावरचीच धरावी.