कोकोवरची सावली: घानातील बागांमधील या चुका टाळा

घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकतो. कोको हे मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील, उंच वृक्षांखाली वाढणारे झाड. तरीही संकरित वाण आल्यावर पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी मोठी झाडे काढून उघड्या उन्हात लागवड झाली. घानातील टाफो येथील कोको संशोधन केंद्रात दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगात उन्हातील, खत दिलेल्या कोकोने सुरुवातीला भरघोस उत्पन्न दिले, पण पुढे ते घसरत गेले. आता सावलीची झाडे पुन्हा लावली जात आहेत. ती लावताना जातींच्या संख्येकडे लक्ष जाते आणि कोणते झाड कुठे उभे आहे याकडे मात्र दुर्लक्ष होते; पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यातच असते.

बांधावर दहा जातींची झाडे आणि मधला सगळा भाग उघडा, अशी बाग कागदावर विविध दिसते. परंतु वरच्या फांद्या-पानांच्या छतातल्या अशाच उघड्या जागी कोकोच्या कोवळ्या फांद्यांमधून रस शोषणारे ढेकूण जमतात आणि तिथला शेंडा वाळत जातो. घानात हेक्टरी साधारण 15 ते 18 मोठी झाडे ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे दोन झाडांत सुमारे 24 मीटर अंतर येते. कोकोची रोपे तीन-तीन मीटरवर असल्याने हेक्टरी सुमारे 1,100 बसतात, त्यामुळे सावलीच्या झाडांची जागा आधी आखून घेणेच सोयीचे ठरते. रोपांना पहिली दोन-तीन वर्षे केळीची दाट सावली लागते. ही तात्पुरती सावली आणि कायमची सावली यांची गल्लत करू नये.

आपोआप वाढणाऱ्या एखाद्या जातीला मोकळे रान देणे ही दुसरी चूक. ब्राझीलच्या दक्षिण बाहियात अटलांटिक जंगलाखालचा गवत-झुडपांचा थर काढून कोको लावण्याची जुनी पद्धत आहे. तिथे बाहेरून आलेल्या फणसाने अनेक बागांत मूळच्या वृक्षांची जागा घेतली आहे. कोकणातल्या वाचकाला फणसाबद्दल असे ऐकणे जड जाईल, पण विरळणी करताना कोणते रोप राखायचे हे ठरवले नाही तर जे जोमाने उगवते तेच उरते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र रोगाच्या आश्रयदात्या झाडांची आहे. कोकोच्या फांद्या सुजवणारा विषाणूरोग घानात 1936 साली प्रथम नोंदवला गेला. पिठ्या ढेकूण तो पसरवतात, आणि पांढरी सावर, गोरखचिंच व कोला या आफ्रिकी वृक्षाच्या काही जाती या विषाणूला आश्रय देतात. सावलीसाठी ही झाडे नव्याने लावू नयेत, आणि जुने झाड उभे असेल तर त्याला लागून कोकोची नवी रोपे घालू नयेत. कोवळ्या पानांच्या शिरांजवळ लालसर पट्टे, फांदीवर जाडसर फुगवटे आणि नेहमीपेक्षा लहान, गोलसर फळे दिसली, तर खत वाढवून उपयोग होत नाही. रोगट झाड आणि त्याच्या लगतची झाडेही काढावी लागतात.

पावसाळ्यात फळांवर तपकिरी डाग पडून ती पूर्ण काळी पडू लागली की सावलीला दोष देऊन झाडेच तोडली जातात. हा रोग ओलाव्यावर पोसतो हे खरे, पण उपाय मधला आहे: पावसापूर्वी सावलीच्या झाडांच्या खालच्या फांद्या काढाव्यात, कोकोची छाटणी करून हवा खेळती ठेवावी आणि काळी फळे वरचेवर तोडून बागेबाहेर न्यावीत. बागेतला पालापाचोळा मात्र झाडून काढू नये, कारण कोकोच्या फुलांचे परागीभवन करणारी बारीक चिलटे कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि केळीच्या ओल्या खुंटांत वाढतात.

कोरड्या पट्ट्यात प्रश्न पाण्याचा असतो. 2015-16 च्या दुष्काळात घानाच्या कोको पट्ट्याच्या कडेला, कमी पावसाच्या भागात, शिरीषाच्या कुळातील एका झाडाखालचा कोको मोठ्या प्रमाणात मेला, कारण दोघेही एकाच थरातले पाणी ओढत होते. अशा जागी सावली आहे म्हणून बाग सुरक्षित, असे गृहीत धरू नये. झाडाची मुळे आणि पाण्याची गरज पाहूनच जात निवडावी.

इतके सांभाळूनही अनेक शेतकरी इमारती लाकडाची रोपे स्वतःच उपटतात किंवा मोठ्या झाडाची साल सोलून ते वाळवतात, आणि त्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. घानात आपोआप उगवलेल्या इमारती वृक्षांवर कायद्याने शेतकऱ्याचा हक्क नाही. तोडीचा परवाना असलेला ठेकेदार ते पाडतो, तेव्हा खाली फळांवर आलेला कोको चिरडतो आणि लाकडाचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत. स्वतः लावलेल्या झाडाची गोष्ट वेगळी आहे. म्हणून ओडुम किंवा ओफ्राम ही इमारती लाकडाची झाडे लावताना जात, जागा आणि लागवडीचे वर्ष लिहून त्याच वर्षी वन आयोगाकडे नोंद करावी. झाड तोडणीला आल्यावर ते लावलेले होते की उगवलेले, हे सिद्ध करणे फार कठीण जाते.