संगणकातील आकड्यांपासून स्पीकरमधील आवाजापर्यंत

संगणकात साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग असते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि १६ बिटांचा प्रत्येक नमुना ६५,५३६ पातळ्यांपैकी एक पातळी दर्शवतो. डॅक नावाची चिप त्या आकड्यांनुसार विद्युतदाब निर्माण करते, आणि त्यात राहिलेल्या पायऱ्या फिल्टर काढून टाकतो. त्यामुळे हिरव्या जॅकमधून बाहेर पडणारी लहर सलग असते. डिजिटल ध्वनी तुटक असतो, हा समज चुकीचा आहे.

प्रथम विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड असे जाऊन आपले आउटपुट निवडावे आणि तेथील फॉरमॅट, म्हणजे नमुन्यांचा दर आणि बिट, तपासावा. मुख्यतः गाणी ऐकणाऱ्यांनी ४४,१०० हर्ट्‌झ, तर चित्रफिती पाहणाऱ्यांनी ४८,००० हर्ट्‌झ ठेवावे. दर जुळला नाही तर संगणक नमुने नव्याने मोजून काढतो, त्याने फारसे बिघडत नाही, पण ते टाळता येते. बिटांच्या बाबतीत मात्र २४ हाच पर्याय घ्यावा. संगणकातला आवाज ६ डेसिबलने उतरवला की साधारण एक बिट खर्ची पडतो, आणि १६ बिटांत तेवढी सवड नसते. म्हणून संगणकावरचा आवाज चढा ठेवून कमी-जास्त अॅम्प्लिफायरवरच करावे.

खरा त्रास असतो तो घुमणाऱ्या आवाजाचा. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी कुलर लागतात, आणि त्यांची मोटर व पंप सुरू होताच स्पीकरमध्ये टक् असा आवाज येतो किंवा आधीपासूनची ५० हर्ट्‌झची गुणगुण वाढते, अशी तक्रार अनेकांची असते. सीताबर्डीच्या बाजारात नवे साउंड कार्ड घ्यायला जाण्यापूर्वी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर दोष डॅकचा नसून वीजजोडणीचा आहे. अशा वेळी लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो कदापि मानू नये. पाणी भरलेला कुलर ज्या घरात चालतो तेथे असे करणे जिवावर बेतू शकते.

एवढ्यानेही गुणगुण गेली नाही, तर ऑडिओ केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगच्या तारांतून तयार होणारा फेरा तोडणारे छोटे उपकरण, लावावा. त्यातील लहान ट्रान्सफॉर्मर तारेचा थेट संबंध तोडून केवळ ध्वनीची लहर पुढे जाऊ देतो. यूएसबी डॅक संगणकाच्या आतील खरखर टाळतो, परंतु यूएसबीच्या तारेतून अर्थिंगची जोडणी कायम राहत असल्याने या गुणगुणीवर तो हमखास उपाय ठरत नाही. ऑप्टिकल आउटपुट असल्यास तेच वापरावे, कारण त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.