कासला फिल्म कॅमेरा नेताय? मीटरचा बटणसेल बघा, आणि नाणं घ्या
रोल, लेन्स, रेनकोट तुम्ही घेणारच, ते सोडून देतो. मी सांगणार सेलचं आणि एक रुपयाच्या नाण्याचं. हसू नका, मागच्या सीझनला पठारावर कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई पडली, जादा सेल खिशात होता आणि तरी तो बदलता आला नाही, कारण माझ्या ऑलिंपस ओएम-वन कॅमेऱ्याच्या बुडाला सेलचं जे गोल झाकण असतं त्याची खाच नाण्यानेच फिरते, आणि हल्ली चहापासून पार्किंगपर्यंत सगळं स्कॅन, सुटं असतंय कुणाकडं! किल्ली घालून बघितली तर खाचेची कड गेली. म्हणून नाणं. घरीच खाचेत बसवून बघा, जाड असेल तर दुसरं, आणि मग केसमध्ये चिकटपट्टीने लावून टाका.

आता सेल. पेंटॅक्स के१००० ला एक आणि निकॉन एफएम२ ला दोन एसआर४४, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचे बटणसेल लागतात, साताऱ्यात पोवई नाक्याकडे कुठल्याही घड्याळवाल्याला विचारा. त्याच मापाचा अल्कलाइन एलआर४४ स्वस्त पडतो पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, सिल्व्हरचा १.५५ वर शेवटपर्यंत टिकून राहतो, दहावीस रुपयांसाठी कंजूषी नको.

खरी डोकेदुखी ओएम-वन, कॅनोनेट क्यूएल१७ आणि मिनोल्टा एसआरटीवाल्यांची. यांना पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा ६२५ नंबरचा सेल लागायचा, तो बंद झाला. त्याच मापाचा अल्कलाइन मिळतो पण तो १.५ चा, मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी येते. त्यापेक्षा श्रवणयंत्राच्या दुकानातनं निळ्या स्टिकरचा ६७५ नंबरचा सेल घ्या. १.४ च्या आसपास चालतो. अंगाने लहान, त्यामुळे भोवती रबरी रिंग घाला, पण वरची बारीक भोकं झाकू नका, तो हवेवर चालतो. स्टिकर काढला की पाचेक मिनिटं उघडा ठेवून मगच झाकण लावा. एकदा काढला की वापरा न वापरा काही आठवड्यांत संपणारच, तेव्हा जादा सेलचा स्टिकर अजिबात काढायचा नाही. आणि जादा सेल नाण्याबरोबर एका खिशात नको, शॉर्ट होतो. सेल रोलच्या रिकाम्या डबीत, नाणं केसमध्ये. घेतलं ना नाणं?

कॅनन एई-वनवाल्यांनो, तुमचा सहा व्होल्टचा सेल गेला की शटरच पडत नाही, दोन घ्या. ओएम-वन, के१०००, एफएम२ सेल नसला तरी उजेडाच्या नुसत्या अंदाजाने पण चालतात. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सला टोपी लावली तरच सेल वाचतो.

निघायच्या आदल्या दिवशी झाकण उघडून बघा (नाण्याने!). हिरवं-पांढरं साचलं असेल तर व्हिनेगरचा कापूस, मग कोरडं पुसा. परत आलात की सेल बाहेर. घरात लहान पोरं असतील तर काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, वाट बघत न बसता थेट हॉस्पिटल.