पोटाच्या सर्जरीसाठी सर्जनला भेटायला जाताना

मी मेलबर्नला टार्नीटमध्ये राहते आणि एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, काम करते. कामावरचं इंग्रजी मला सहज येतं. पण दोन सिझेरियननंतर सुटलेल्या पोटाबद्दल, बेंबीखाली लोंबणाऱ्या कातडीबद्दल परक्या माणसासमोर बोलायचं म्हटलं की शब्द घशातच राहतात. टमी टकसाठी, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करायच्या ऑपरेशनसाठी, सर्जनकडे जाण्याआधी मी जी तयारी केली, आणि आता ओळखीच्या बायकांकडून करून घेते, ती इथे लिहिते.

सगळ्यात आधी मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्याला येतं तेवढंच लिहिलं जातं, खुपतं ते नाही. मी लिहिलं होतं : साडी नेसले की निऱ्यांच्या वर घडी येते. कामावर रेसिडेंट आजी-आजोबांना कुशीवर वळवताना पाठ भरून येते. घडीखाली उन्हाळ्यात घामोळं उठतं. पोट अगदी सपाट व्हावं असं नाही, पण ही घडी जावी. मग प्रत्येक वाक्याचं साधं, छोटं इंग्रजी केलं. त्याच कागदावर नको असलेल्या गोष्टीही लिहा. टमी टकचा व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि त्या सर्जनच्या डोळ्यांसमोर बिकिनीची रेघ असते. आपली परकराची नाडी त्याला कुठून माहीत असणार? नाडी जिथे बांधता तिथे पोटावर बोट ठेवून दाखवा आणि व्रण तिच्या वर येईल की खाली ते विचारा. ती रोज त्याच जागी घट्ट बसणार आहे.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून कॉस्मेटिक सर्जरीसाठी आधी रेफरल, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, लागतो, शक्यतो आपल्या जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा. ही पायरी उरकून टाकू नका. जीपीकडे मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विम्याची) अपॉइंटमेंट असेल तर टीआयएस या सरकारी दुभाषा सेवेचा दुभाषा फोनवर फुकट मिळू शकतो. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी मागा, मराठी नाहीच मिळालं तर हिंदी. जीपीला पोटाचे उभे स्नायू तपासायला सांगा. गरोदरपणात ते मधोमध फाकतात. हे अंतर स्कॅनमध्ये किमान ३ सेंमी भरलं, पाठदुखी किंवा लघवीचा त्रास असला, फिजिओथेरपीने फरक पडला नसला आणि शेवटच्या गरोदरपणाला वर्ष उलटलं असलं, तर ते ऑपरेशन मेडिकेअरच्या यादीतल्या ३०१७५ या आयटममध्ये बसू शकतं, म्हणजे खर्चाचा काही भाग मेडिकेअरकडून मिळू शकतो. हा नंबर कागदावर लिहूनच न्या. अनेकींना हा त्रास असतो आणि त्या तो नुसता दिसण्याचा प्रश्न म्हणून सांगतात, कारण दुखण्याबद्दल इंग्रजीत बोलणं त्यांना जड जातं.

सर्जनचं नाव आहप्राच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर शोधा. तिथे स्पेशालिस्ट म्हणून प्लास्टिक सर्जरी लिहिलेलं आहे का ते बघा. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत इथे साधी डॉक्टरकीची पदवी असलेलाही स्वतःला कॉस्मेटिक सर्जन म्हणवू शकत होता. आता कायद्याने तसं करता येत नाही, तरी पाटीवर विसंबू नका.

औषधांच्या यादीत आपल्याकडच्या बायका हमखास अर्धं सांगतात. डॉक्टर विचारतात, डू यू स्मोक? आपण नाही म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण सकाळी मिश्री लावत असाल तर ती तंबाखूच आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. टमी टकमध्ये तर कातडी मोठ्या भागात उचललेली असते, म्हणून हे लपवणं धोक्याचं. लाज वाटली तर दुभाष्यामार्फत सांगा, पण सांगाच. भारतातून आणलेल्या गोळ्या, काढे, हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल यांची नावं भाषांतरित करत बसू नका. डबेच पिशवीत घालून न्या. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

जुने व्रणही दाखवा : सिझेरियनचा, दंडावरचा बीसीजीचा, कान टोचल्याची जागा. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड, उंच किंवा काळपट राहण्याची शक्यता जास्त असते. अल्बममध्ये बहुतेक गोऱ्या बायकांचे फोटो असतात, तेव्हा आपल्या रंगाच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो मागा.

नवऱ्याला सोबत न्या, पण बोलायला दुभाषा असू द्या. मुलांना तर या कामाला मुळीच लावू नका. डॉक्टर विचारणार की हे कोणासाठी करायचंय, कोणी मागे लागलंय का, आरशात बघून दिवसातला किती वेळ जातो. हे प्रश्न त्यांना सगळ्यांनाच विचारावे लागतात, राग मानू नका. पण नवरा भाषांतर करत असेल तर खरं उत्तर कसं द्याल? खासगी कॉस्मेटिक भेटीत दुभाष्याचे पैसे कोण देणार ते क्लिनिकला फोन करून आधीच विचारा. टीआयएसचा नंबर १३१ ४५० आहे.

आत गेल्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं : समजलं नसताना मान हलवू नका. डॉक्टरांपुढे मान हलवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते आणि इथे तिचा अर्थ होकार असाच घेतला जातो. त्याऐवजी हे वाक्य पाठ करा : आय विल से इट बॅक टू यू, प्लीज करेक्ट मी. मग तुम्हाला जे समजलं ते तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगा. चांगला डॉक्टर थांबतो आणि दुरुस्त करतो. जो घड्याळाकडे बघतो त्याच्याकडे मी तरी माझं पोट दिलं नसतं. 'थोडं दुखेल', 'लवकर कामावर जाल' अशा उत्तरांवर थांबू नका, आकडा मागा. किती दिवस? किती किलो उचलायचे नाहीत, कुठवर? माझ्या कामात माणसं उचलावी लागतात, म्हणून मी हॉइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, कसं ढकलते ते उभं राहून करून दाखवलं. आकडे कागदावर लिहून मागा, फिफ्टीन आणि फिफ्टी ऐकायला सारखेच वाटतात. रिव्हिजन म्हणजे दुसऱ्यांदा ऑपरेशन. तशी वेळ आली तर सर्जन, भूल आणि हॉस्पिटल यांचे पैसे कोण भरणार ते लेखी घ्या.

पहिल्या भेटीत संमतीची सही मागायला परवानगीच नाही. किमान दोन भेटी व्हाव्या लागतात, आणि त्यानंतर सही केली तरी ऑपरेशनआधी किमान ७ दिवस जावे लागतात. कोणी आजच सवलत आहे म्हणून घाई केली तर उठून या. फॉर्म ईमेलवर मागवा, घरी पेन्सिल घेऊन बसा, न कळलेल्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारा आणि दुसऱ्या भेटीला तोच कागद टेबलावर ठेवा. रात्री अचानक रक्त आलं, पोटरी सुजली किंवा धाप लागली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि उचलणारा माणूस कोण असेल, हेही त्याच भेटीत विचारा. तेव्हा काय बोलायचं ती दोन इंग्रजी वाक्यं नंबरखाली लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे घरातल्या कोणालाही फोनवर वाचता येतील. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र क्लिनिकच्या फोनची वाट न बघता थेट ००० हा इमर्जन्सीचा नंबर लावा.