कोकणातल्या घराचं वायरिंग: अर्थिंग आणि आरसीसीबीच्या या चुका टाळा

कोकणात अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, खड्डा काढायला घेतला की बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांवर जांभा लागतो. मग अडीच मीटरचा पाइप अर्ध्यावर कापून पुरतात, वर सिमेंटची चौकट बांधतात आणि काम झालं म्हणतात. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, कारण सुक्या जांभ्यात वीज जमिनीत नीट उतरत नाही.

हिशोब करून बघा. अर्थिंगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 50 ओहम धरा. गिझरची फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, बॉडीला टेकली तर 230 व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर करंट वाहतो. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट वाहिला की पडून वीज तोडणारा स्विच, तेवढ्यावर पडत नाही, आणि न्हाणीघरातला नळ शॉक मारत राहतो. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळला तरी पडून वीज तोडणारा स्विच, हवाच हवा. खोल जाता येत नसेल तर आडवा चर खणून त्यात अर्थिंगची धातूची पट्टी पुरा. जागा माडाच्या आळ्याजवळची निवडा, भर उन्हाळ्यातही ओल राहील अशी, पण भिंतीपासून निदान दीड मीटर लांब. रोध मे महिन्यात मोजून घ्या; पावसात कुठल्याही खड्ड्याचा आकडा बरा येतो. आणि अर्थची वायर नळाच्या पाइपला बांधू नका, पुढचा पाइप बहुधा प्लास्टिकचा असतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली. आरसीसीबी सारखा पडतो, म्हणून कोणीतरी तो काढून थेट जोडणी करून देतं. कृपा करून असं करू देऊ नका. तो पडतोय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. ज्याला पडेल ते सर्किट दोषी. बहुतेक वेळा पडवीतला दिवा नाहीतर विहिरीवरचा पंप निघतो. सगळे एमसीबी बंद असतानाही पडला तर संशय न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर, घ्या. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो ओल्या भिंतीत कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. इथून पुढे परवानाधारक वायरमनच हवा. त्याला 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक सर्किट तपासायला सांगा. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बदला. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल भलतीकडे जोडलाय का, तेही बघायला सांगा.

वायरच्या जाडीत काटकसर नको: दिव्यांना 1.5, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5, गिझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर. स्विच फेजमध्येच हवा.

खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, जोड सैल होतो आणि तापतो. बाहेरचे जोड नुसत्या टेपवर सोडू नका, पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये घ्या आणि वायर बॉक्सात खालून आणा.

घर वर्षभर बंद राहत असेल तर गणपतीला आल्यावर आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. वीज चालू असूनही तो पडला नाही तर नवा बसवून घ्या, मगच गिझर आणि पंप चालू करा.